लहान टाकीत कोणते मासे?

मांजर्लीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा आठवीत आहे. तीन वर्षांची ईदी साठवून त्याला खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायची आहे, आतून प्रवाळाच्या बेटासारखी दिसणारी. टाकीचं माप त्यांनी दिलं आहे: दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मुलाने माशांची यादीही करून ठेवली आहे. नेमोची जोडी, डोरी, पिवळा टँग, मँडरिन, एक सी-हॉर्स, एक लायनफिश आणि पाच हिरवे क्रोमिस. भगिनी विचारतात, "यातले कोणते चालतील? त्याच्या अब्बांची शिफ्ट ड्युटी असते, घरात दिवसभर मीच. एवढे पैसे घालून मासे मेले तर पोराचं मन मोडेल."

उत्तर आधीच देऊन टाकते. सात नावांपैकी फक्त पहिलं ठेवा. बाकीच्या सहांवर काट मारा. मुलाची निवड वाईट आहे असं नाही. चित्रपटात आणि दुकानाच्या काचेत जे दिसतं तेच त्याने लिहिलं आहे. टाकी लहान आहे आणि ती बदलापुरात आहे, या दोन गोष्टी त्याने हिशेबात धरलेल्या नाहीत.

टाकीचं माप बघू. काठोकाठ भरली तर साधारण १२७ लिटर. वरचे दोन इंच रिकामे सोडायचे, खाली वाळू, मध्ये दगड. म्हणजे खरं पाणी उरतं जेमतेम शंभर लिटर. घरी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार येतात ना, तसे पाच जार. समुद्रातल्या माशाचं सगळं आयुष्य या पाच जारांत जायचं आहे. (वजन मात्र दीडशे किलोच्या वर जातं, तेव्हा टाकी टीपॉयवर किंवा टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचारही नको.)

लहान टाकी म्हणजे सोपी टाकी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खाऱ्या पाण्यात ते उलट आहे. प्रवाळाच्या रांगेत राहणाऱ्या माशाला पाण्याचं तापमान आणि क्षार दिवसभरात फारसे बदलत नाहीत याची सवय असते. शंभर लिटरमध्ये एखादा मासा दगडामागे मरून पडला, पोराने चिमूटभर खाणं जास्त टाकलं, पंखा रात्रभर चालू राहून दोन लिटर पाणी उडालं, तरी सगळ्या पाण्यावर परिणाम होतो. पाणी उडतं, मीठ मात्र मागे राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तीन दिवसांत पाच-सहा लिटर पाणी उडालं आणि कोणी भर घातली नाही, तर हा आकडा ३७ वर जातो. म्हणून रोज जी भर घालायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. ही चूक नव्याने टाकी घेणारे हमखास करतात.

आता बदलापूरचा विचार. टाकीत किती आणि कोणते मासे ठेवायचे, हे दुकानदार विचारतो तसं "बजेट किती" यावरून ठरवू नका. तुमच्या घरात वर्षातला सगळ्यात वाईट दिवस कोणता असतो, त्यावरून ठरवा. मांजर्लीत असे दिवस दोन. एक मे महिन्यातला, दुपारी पारा चाळिशीपलीकडे गेलेला आणि लाइट गेलेली. दुसरा जुलैतला, उल्हास नदी फुगलेली आणि वीज कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसलेला. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकून पडली होती, प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. अशा दिवशी पश्चिमेकडच्या घरांत पंप किती तास बंद राहील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पंप बंद पडला की मासा आधी गुदमरतो, उपाशी मरायची वेळ नंतरची. उकाड्यात हे लवकर होतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहतो, ३२ अंशांना सहाच्या आसपास. फरक लहान वाटेल, पण त्याच उकाड्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. तीन लहान मासे असलेली टाकी काही तास तग धरते. अकरा मासे असलेली टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी होऊ शकते. मुलाच्या यादीतले मासे मोजले तर अकराहून जास्तच भरतात.

यादीतली नावं एकेक घेऊ, म्हणजे मुलालाही समजावता येईल.

डोरी म्हणजे निळा टँग. दुकानात मिळतो तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा असतो. पूर्ण वाढला की जवळपास एक फूट. टाकीची रुंदी दीड फूट आहे. हा मासा दिवसभर लांब पल्ल्याने पोहणारा, त्याला वळायलाही जागा नाही. कोंडला की त्याच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, आणि हा रोग एकदा टाकीत आला की बाकीच्यांनाही सोडत नाही. पिवळा टँग थोडा लहान, पण गोष्ट तीच.

लायनफिशच्या पाठीचे काटे विषारी असतात आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. नेमोच्या जोडीसकट. लहान मुलं असलेल्या घरात तो नकोच.

हिरवे क्रोमिस पाच घ्या, थव्याने फिरतील, असं दुकानदार सांगतात. समुद्रात फिरतात खरे. लहान टाकीत ते एकमेकांना टोचत राहतात, पाचाचे चार, चाराचे दोन, शेवटी एक उरतो. तो उरलेला मग बाकीच्यांच्या मागे लागतो.

मँडरिनबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण याच्याइतका देखणा मासा क्वचित असेल आणि याच्याइतके उपाशी मेलेले मासेही क्वचित असतील. निळा, केशरी, हिरवा, अंगावर जणू कोणी नक्षी काढली आहे. पण हा मासा दुकानातलं कोरडं खाणं खात नाही. दगडावर वावरणारे सुईच्या टोकाएवढे जीव तो दिवसभर, एकेक करून, टिपत राहतो. नव्या, लहान टाकीत असे जीव पंधरा दिवसांत संपतात. त्यानंतर मासा फिरतोय, सुंदर दिसतोय, पाहुणे कौतुक करतायत, आणि पोट आत आत जातंय. महिन्या-दीड महिन्यात तो जातो, आणि घरच्यांना वाटतं पाणी बिघडलं. वर्षभर मुरलेली, याच्या दुप्पट-तिप्पट मोठी टाकी असल्याशिवाय मँडरिन आणू नये. मुक्या जिवाला घरात आणलं की त्याच्या पोटाचा हक्क आपल्यावर येतो, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

राहिला सी-हॉर्स. त्याला ठेवणं अवघड आहे हा पुढचा प्रश्न. आधीचा प्रश्न कायद्याचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सी-हॉर्सचं सगळं कुळ घातलं गेलं. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. पकडणं, विकणं, घरी ठेवणं, सगळं गुन्हा. कोणी "आपल्याकडे मिळतो, काही होत नाही" म्हणालं तर त्या दुकानातून दुसरंही काही घेऊ नका.

याच यादीत दगडी प्रवाळ, म्हणजे समुद्रात बेटं बांधणारे सगळे पोवळे, शिवाय सी-फॅनसारखे प्रकारही आहेत. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. परदेशातले व्हिडिओ बघून मुलं टाकीत रंगीबेरंगी प्रवाळ लावायचं म्हणतात. आपल्याकडे ते सरळ कायद्याच्या विरुद्ध जातं. समुद्रातून काढलेला "जिवंत दगड" म्हणून जे विकतात त्यातही प्रवाळाचे तुकडे असू शकतात. तुमच्या टाकीत बनवलेला दगड वापरा, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा, त्यासाठी तयार केलेला. दोन-चार महिन्यांत त्यावर जांभळट, हिरवट थर चढतो आणि माशाला त्यात खऱ्या-खोट्याचा फरक पडत नाही. मऊ प्रवाळ मिळतात, पण ते आणण्याआधी वनविभागाकडे विचारून घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

आणि पोराला खरे प्रवाळ बघायचेच असतील तर ते फार लांब नाहीत. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाताना ज्या खडकांच्या शेजारून आपण चालतो, त्या खडकांवर प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी, २०२० साली, हाजी अली आणि वरळी इथल्या १८ प्रवाळ वसाहती खडकांवरून सोडवून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात, आपल्या पायांखाली ते वाढत होते. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे.

आता घ्यायचे कोणते.

नेमो म्हणजे क्लाउनफिश. पण क्लाउनफिशच्या जाती पुष्कळ, आणि इथे नाव विचारून घ्यायला हवं. तुम्हाला हवा आहे तो ऑसेलॅरिस. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे, मादी आठ-दहा सेंटिमीटरच्या आसपास थांबते, स्वभाव शांत. आपल्याकडच्या दुकानांत सेबा नावाचा क्लाउनफिशही असतो. तो हिंदी महासागरातलाच, स्वस्तही पडतो, पण सोळा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मोठा झाला की दांडगाई करतो. मरून क्लाउन तर त्याहून भांडखोर. लहानपणी सगळे गोंडसच दिसतात.

ऑसेलॅरिसची जोडी कशी निवडायची, ही मजेची गोष्ट आहे. या माशाची सगळी पिल्लं आधी नर असतात. दोन एकत्र वाढले की त्यातला मोठा, वरचढ मासा मादी होतो, दुसरा नर राहतो. मादी गेली तर उरलेला नर पुढे मादी होतो. (२००३ च्या त्या चित्रपटात आई गेल्यावर बाप मुलाला शोधत फिरतो. समुद्राच्या नियमाने तो बाप काही दिवसांनी स्वतःच अम्मी झाला असता.) म्हणून दुकानात नर-मादी विचारत बसू नका. दोन लहान पिल्लं घ्या, एक थोडं मोठं, एक थोडं लहान. बाकीचं ती ठरवतात. दोन सारख्या आकाराचे मोठे मासे घेतले तर मात्र दोघेही मादी असण्याची शक्यता असते, आणि मग रोज मारामारी.

क्लाउनफिश समुद्रफुलात राहतो म्हणून समुद्रफूलही हवं, असा आग्रह होतो. नको. त्याला कडक दिवे आणि मुरलेलं पाणी लागतं, ते जागा सोडून सरकतं, पंपाच्या तोंडात सापडतं आणि मेलं तर एका रात्रीत सगळं पाणी नासवतं. क्लाउनफिशचं त्याच्यावाचून काही अडत नाही. तो टाकीच्या एखाद्या कोपऱ्याला आपलं घर मानून घेतो.

हा मासा टाकीतच जन्मलेला मिळाला तर तोच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे क्लाउनफिशची पैदास केली आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातही कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीला अशा सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभारली आहे. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो, काचेला घाबरत नाही आणि समुद्रातले रोग सोबत आणत नाही. समुद्रातून पकडलेल्या माशाचा प्रवास फार वाईट असतो. इंडोनेशिया, फिलिपिन्सकडे काही ठिकाणी मासे पकडायला सायनाइडचं पाणी फवारलं गेलं आहे. मासा गुंगतो, हाती लागतो, दुकानात नीट दिसतो आणि काही दिवसांत मरतो. दोष मात्र घेणाऱ्याच्या माथी येतो.

एक गोष्ट भगिनींना सांगायलाच हवी. चांगला सांभाळलेला ऑसेलॅरिस दहा वर्षं सहज जगतो, वीस वर्षं जगल्याचीही उदाहरणं आहेत. पोरगा आज आठवीत आहे. तो बारावी होईल, कॉलेजला जाईल, कदाचित हॉस्टेलला, कदाचित आखातात नोकरीला, तेव्हाही हे दोन मासे तुमच्याच हॉलमध्ये असतील. पत्रात तुम्ही लिहिलंच आहे, "घरात दिवसभर मीच." म्हणजे हा निर्णय पोराचा जितका आहे तितकाच तुमचा आहे. ईदीचे पैसे त्याचे, पण रोजची भर, आठवड्याचं दहा लिटर पाणी बदलणं, काच पुसणं, ही कामं कोणाची हे टाकी घरात यायच्या आधी बसून ठरवा.

जोडीला तिसरा मासा म्हणून माझी शिफारस पिवळ्या वॉचमन गोबीची. लिंबासारखा पिवळा, दहा सेंटिमीटरच्या आत, कपाळावर सतत आठ्या असल्यासारखा चेहरा. तो वाळूवर बसून असतो, म्हणून क्लाउनफिशशी जागेवरून भांडण नाही. आणि त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी मिळाली तर जरूर घ्या. या कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण खोदकामात ती पक्की. दिवसभर वाळू उपसून बीळ करते. गोबीला खोदता येत नाही, पण नजर तेज. मग दोघांचा संसार. कोळंबी वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो, कोळंबी मागच्या मागे बिळात, आणि पाठोपाठ तोही. समुद्रात असंच चालतं आणि काचेच्या टाकीतही तसंच चालतं. हे बघत तासन्‌तास जातात. मोबाइल बाजूला पडतो, हा फायदा वेगळा.

या दोघांसाठी दोन खबरदाऱ्या. वाळू दोन इंच तरी हवी, आणि दगड वाळूवर न ठेवता आधी तळाच्या काचेवर पक्के बसवून मग भोवती वाळू घालायची. नाहीतर कोळंबी दगडाखाली खोदते, दगड कलंडतो आणि कधी काचही जाते. दुसरं, ही कोळंबी नांगी आपटून फटाक्यासारखा आवाज काढते. रात्री तो आवाज आला तर टाकी तडकली म्हणून घरभर पळापळ करू नका.

चौथा मासा हवाच असेल तर पर्याय दोन-तीन आहेत. फायरफिश, पुढून पांढरा, मागून लालभडक, आठ-नऊ सेंटिमीटरचा, अतिशय लाजाळू. पण तो उडी मारतो. वर बारीक जाळी लागतेच; काचेचं झाकण नको, त्याने उष्णता आत कोंडते. टेलस्पॉट ब्लेनी बोटभर लांबीचा, दगडावरचं शेवाळ खुडणारा, चेहऱ्याने विनोदी. बंगाई कार्डिनल काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. यात बाप अंडी तोंडात धरून पिल्लं बाहेर येईपर्यंत उपाशी राहतो. तो फक्त इंडोनेशियाच्या एका लहानशा बेटसमूहातला आणि आता धोक्यात आलेला मासा आहे, म्हणून टाकीत पैदास झालेला मिळाला तरच घ्या. या तिघांतला एक. तिन्ही नाहीत.

निळे डॅमसेल घेऊ नका. स्वस्त, चमकदार, काटक, म्हणून दुकानदार "पाणी तयार करायला आधी हे टाका" म्हणतात. पाणी तयार करायला माशाचा जीव लागत नाही. चिमूटभर खाणं किंवा बाटलीतले जिवाणू घालून चार ते सहा आठवडे टाकी रिकामी चालवली, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचं टेस्ट किटने बघितलं, की झालं. आणि डॅमसेल जगला तर तो टाकीचा दादा होतो, नंतर येणाऱ्याला टिकू देत नाही. त्याला पकडायचं तर सगळे दगड उपसावे लागतात.

क्रम असा ठेवा. आधी लाजाळू, शेवटी धीट. गोबी आणि कोळंबी आधी, तीन-चार आठवड्यांनी क्लाउनफिशची जोडी. तिथे थांबा. चौथा मासा पहिला मे आणि पहिला जुलै पार पडल्यावरच. आता पावसाळा सरत आला आहे. टाकी ऑक्टोबरमध्ये भरली तर पहिला मासा डिसेंबरच्या थंडीत येईल आणि उन्हाळ्याआधी त्याला चार महिने मिळतील. मार्चमध्ये टाकी भरून मेमध्ये मासे आणणं, हा इथल्या हवेत सगळ्यात वाईट मुहूर्त.

पाणी नळाचं थेट वापरू नका, टँकरचं तर नाहीच. घरच्या आरओचं पाणीही टीडीएस मीटरने मोजून बघा. बऱ्याच मशीन पिण्यासाठी थोडे क्षार मुद्दाम परत मिसळतात. आपल्याला शून्याच्या जवळचं पाणी हवं आणि त्यात टाकीसाठीचं खास समुद्री मीठ, शंभर लिटरला साडेतीन किलोच्या आसपास. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. गिरगावच्या किंवा जुहूच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायची कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका.

खरेदीला क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ला. तारापोरवाला मत्स्यालय चालू असतं तर मी म्हटलं असतं, आधी पोराला तिथे न्या. १९५१ पासून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी समुद्री मासा पहिल्यांदा तिथेच जिवंत पाहिला. पण करोनाच्या काळापासून ते बंद आहे. दुकानात मासा बघताना आपल्या कोकणी घरांतली जुनी नजर कामाला येते. मासळी बाजारात आपण कल्ला उचलून लाल आहे का बघतो. इथे कल्ल्यांची उघडझाप बघायची. धापा टाकल्यासारखी भराभर होत असेल तर मासा आजारी. पर अंगाला चिकटलेले, पोट खपाटीला, अंगावर मिठासारखे ठिपके, तर पुढे चला. दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर खायला घाला. जो मासा खात नाही तो घ्यायचा नाही, तो कितीही "कालच आलाय, उद्या खाईल" म्हणाला तरी. चांगला दुकानदार या मागणीवर रागावत नाही.

सीएसएमटीहून बदलापूरपर्यंत लोकलचा प्रवास दीड तासाच्या घरात जातो. पिशवीत ऑक्सिजन भरून घ्या, पिशवी थर्माकोलच्या पेटीत ठेवा, आणि संध्याकाळच्या गर्दीत चढू नका. रविवारी सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत परत यावं. घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळलं की थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासा तेवढा आत सोडा. त्या रात्री दिवे बंद.

उन्हाळ्यासाठी चिलर घ्यायचा म्हटलं तर तो टाकीपेक्षा महाग पडतो. पाण्यावर तिरका वारा घालणारा लहान पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पाणी मात्र जास्त उडतं, म्हणजे भर दिवसातून दोनदा. टाकी खिडकीपासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावा; असरनंतर लावून रात्री घरचे झोपायच्या वेळी बंद केले तर सगळ्यांना बघायलाही मिळतं. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या माशाच्या आधी घरात यायला हवा. लाइट गेली की तो आपोआप सुरू होणारा मिळतो. इन्व्हर्टर असेल तर टाकीचा पंप त्यावर घ्या, दिवे नाही.

सुट्टीचा प्रश्न उरला. मे महिन्यात घर बंद करून रत्नागिरी-चिपळूणकडे गावी जाणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. दोन-तीन दिवस मासे खाण्यावाचून राहतात, पाण्याच्या भरीवाचून राहत नाहीत. आठवड्याहून जास्त जायचं असेल तर शेजारच्या घरी चावी द्या, पण खाण्याचा डबा देऊ नका. औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी मिळते, तिच्यात रोजचं खाणं मोजून भरा आणि तीच द्या. शेजारचा माणूस प्रेमाने जास्तच घालतो. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मार्करने मारून ठेवा आणि बाजूला गाळलेल्या पाण्याचा कॅन. "रोज रेघेपर्यंत" एवढंच सांगायचं.